दानाची मुदत

पुण्यातील बंडगार्डन हे नाव ज्या बंधाऱ्यावरून पडले, तो मुळा-मुठेवरील बंधारा 1850 साली पूर्ण झाला. त्याच्या खर्चाचा मोठा भाग सर जमशेटजी जीजीभाई यांनी उचलला होता. त्याआधी काही वर्षे त्यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी माहीम आणि वांद्रे यांना जोडणाऱ्या मार्गासाठी 1 लाख 57 हजार रुपये दिले आणि देताना अट घातली, की या वाटेने जाणाऱ्यांकडून सरकारने पथकर घेऊ नये. रक्कम त्या काळाच्या मानाने प्रचंड होतीच. पण अट अधिक दूरदर्शी होती. वास्तू उभी राहिल्यानंतर तिचा उपयोग कोणाला आणि कसा होईल, हे दात्याने पैसे देतानाच ठरवून टाकले होते.

आज पुणे परिसर विलक्षण वेगाने वाढत आहे. महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे आली. त्यातील दोन पुढे वगळली गेली, तो भाग निराळा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची उपयुक्त साठवण मात्र सुमारे 29 टीएमसी एवढीच राहिली आहे. याच पाण्यावर शहराची तहान भागते आणि हवेली, दौंड, इंदापूर तालुक्यांतील शेतीही पिकते. शहराचा वाटा वाढला की कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला त्याची झळ प्रथम लागते. अशा प्रदेशात जलसंधारणासाठी दिलेला रुपया मोलाचा ठरतो.

हा रुपया आज प्रामुख्याने कंपन्यांकडून येतो. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार 1 एप्रिल 2014 पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. 2022-23 मध्ये देशभरात ही रक्कम जवळपास 30 हजार कोटी रुपये होती व तिचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात खर्च झाला. आपल्या कार्यक्षेत्राच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदा सुचवतो. हे प्राधान्य बंधनकारक नसले, तरी कारखाने जेथे, तेथेच पैसा घुटमळतो.

त्याहून गंभीर अडचण मुदतीची आहे. असा प्रकल्प सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे चालू ठेवता येतो. शिवाय 22 जानेवारी 2021 पासून एखाद्या संस्थेच्या कायम निधीला दिलेली देणगी या खर्चात धरली जात नाही. पैसा अडकून न पडता कामी यावा, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु बंधाऱ्याचे आयुष्य चार वर्षांचे नसते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरला की बर्गे टाकावे लागतात आणि पुढील पावसापूर्वी काढून सुरक्षित ठेवावे लागतात. बर्गे गंजतात, चोरीस जातात, त्यांतील रबर झिजते. या किरकोळ खर्चाची तरतूद नसल्यास लाखोंचा बंधारा कोरडा उभा राहतो. दात्याच्या नावाचा फलक तेवढा शाबूत असतो.

गाळाचेही तसेच. राज्य शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेची रचना व्यवहार्य आहे: उपसण्याचा खर्च योजनेतून अथवा दात्यांकडून, वाहून नेण्याचा शेतकऱ्याकडून. गाळाचा खरोखर उपयोग असेल तरच शेतकरी ट्रॅक्टर आणतो, त्यामुळे कामाची परीक्षा आपोआप होते. 2018 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने यासाठी यंत्रे उपलब्ध करून दिली, ते समाजाला ठाऊक आहेच. मात्र गाळ दर पावसाळ्यात पुन्हा येतो.

कंपन्यांना जे करता येत नाही, ते कुटुंबांना आणि त्यांच्या न्यासांना करता येते. समजा, एका बंधाऱ्याला 10 लाख रुपये लागले. ते कंपनीने द्यावेत. एखाद्या कुटुंबाने त्याच गावासाठी दीड लाख रुपये कायम निधी म्हणून द्यावेत. 7 टक्के दराने त्यावर वर्षाला 10,500 रुपये व्याज येईल. बर्गे बसवण्याची मजुरी, रबर आणि किरकोळ दुरुस्ती यांचा बराचसा भार त्यातून निघेल. महागाईमुळे हे व्याज पुढे अपुरे पडेल, म्हणून पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांनीही एकरी काही वर्गणी देणे इष्ट. फुकट मिळालेल्या वस्तूची देखभाल कोणी करत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

यात एक तपशील जपावा लागतो. रक्कम कायम निधीसाठी असल्याचे देणगीदाराने लेखी कळवले पाहिजे, अन्यथा ती न्यासाच्या चालू उत्पन्नात गणली जाते आणि खर्चून जाते. पत्रात गावाचे नाव, बंधाऱ्याचे स्थान, व्याज कोणत्या कामावर खर्चावे आणि बंधारा निकामी झाल्यास निधी कोठे वळवावा, एवढे चार मुद्दे असावेत. पावती घेताना तिच्यावर ‘कायम निधी’ असा उल्लेख आहे ना, हे तेथेच पाहून घ्यावे.