चालू डावात नियम

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं नवं खेळाडू-पुस्तक १७ सप्टेंबर २०२४ला बाजारात आलं. मराठवाड्यातल्या माणसाला ही तारीख लक्षात ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. तेव्हापासून आम्हा पाच नांदेड-लातूरकरांच्या मेजावर एकच वाद आहे: २०१९ला सुरू केलेली गोष्ट २०१४च्या नियमांनीच संपवायची, की मध्येच नवे नियम लावायचे?

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गोष्ट सांगतो (आमच्यात मी), बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पात्र वर्षानुवर्षं वाढत जातं. त्यामुळे नियम बदलले की कुणाची तरी कमाई बदलते.

लातूरचा दोस्त पॅलडिन खेळतो, म्हणजे धर्मयोद्धा. जुन्या नियमात त्याचा वार लागला की त्यात दैवी ताकद ओतता यायची. एका पाळीत दोन वार लागले तर दोनदा. नव्यात पाळीला एकदाच. नांदेडचा दोस्त साधा लढवय्या. त्याला नव्या पुस्तकात शस्त्रांच्या करामती मिळाल्यात, कुणाला आडवं पाडा, कुणाला मागे ढकला. ‘पाँच साल से मैं खाली तलवारच घुमा रऊँ,’ असं तो म्हणतो, आणि ते खरंही आहे.

नवे नियम आले की जुना खेळाडू संपतो, असं मला वाटत नाही. मीर सुलतान खान देशी बुद्धिबळावर वाढलेला. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, आजचा किल्लेकोट नव्हता, राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. हा माणूस विलायतेत गेला आणि १९२९, १९३२, १९३३ असा तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. पण त्याने दर वेळी नवा पट मांडला होता. मांडलेल्या पटावर, दोन प्यादी गेल्यावर, कुणी त्याला ‘आता विलायती’ म्हणालं नव्हतं.

चालू डावात बदल करायचाच तर नमुना आपल्याकडे आहे: हाली सिक्का. १९४८मध्ये निजामाची सत्ता गेली, पण लोकांच्या खिशातले हाली रुपये एका रात्रीत रद्दी झाले नाहीत. सात हालीला सहा कलदार हा हिशोब होता आणि काही वर्षं दोन्ही पैसे चालले. दुकानदारांची डोकी तापली असणारच. तरी ज्याने हाली कमावले होते त्याच्या कमाईला काहीतरी किंमत राहिली.

मेजावरही असाच दर ठरवावा, असं माझं मत आहे. पॅलडिनची ताकद ही गोष्ट संपेपर्यंत जुन्या हिशोबाने चालू द्या. लढवय्याला करामती आजच द्या, त्याने कुणाच्या ताटातलं जात नाही. कुणाचं पात्र मेलं तर पुढचं नव्या पुस्तकातून घ्या. यावर ‘समतोल बिघडेल’ म्हणतात. बिघडू दे. राक्षस माझ्या हातात आहेत, दोन जास्तीचे सोडीन.

मला खटकतं ते वेगळंच. नियमांची तीन जाड पुस्तकं, सगळी इंग्रजीत, स्वस्तही नाहीत. गंजगोलाईजवळ दिवसभर दुकान सांभाळणारा आमचा पॅलडिन हा खेळ कानाने शिकला, आमच्याकडून, रविवारी-रविवारी. त्याला ‘नवं पुस्तक वाचून ये’ सांगणं म्हणजे येऊ नकोस असं सभ्यपणे सांगणं. पाचातला एक गेला तर कुठल्याही आवृत्तीने ती गोष्ट पुरी होणार नाही.

येत्या रविवारी लातूरला बसतोय. नांदेडकर एसटीने नवं पुस्तक घेऊन येणार आहे. लढवय्याची पानं सगळ्यांना वाचून दाखवीन, पॅलडिनची मिटलेलीच राहतील.