पडद्यावरचे वेडे आणि घरातले रुग्ण

आपल्या बोलपटांतील वेड्यांचे इस्पितळ वाचकांच्या पूर्ण परिचयाचे आहे. गजांचे दार उघडते. आत एक इसम डोक्यावर पातेले घालून सेनापती झालेला असतो, दुसरा नसलेल्या मोटारीचे चक्र फिरवीत असतो, तिसरा झाडाशी हुज्जत घालीत असतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो. त्या हशातच नायकाचा किंवा नायिकेचा प्रवेश होतो, आणि तत्क्षणी हशा थांबून डोळ्यांना रुमाल लागतात. कारण हे नवे माणूस खरे वेडे नसते. कोणा दुष्टाने कपट करून त्याला तिथे डांबलेले असते, अथवा प्रेमभंगाने त्याचे भान घटकाभर हरपलेले असते. पातेलेवाला मात्र पातेल्यासह तिथेच राहतो. तो कोण, कोठला, त्याची आई अजून वाट पाहते की काय, हे विचारण्याचे अगत्य फारच थोड्या दिग्दर्शकांस वाटलेले दिसते.

मनोरुग्णांविषयी आपले चित्रपट निर्दय आहेत अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आमची तक्रार थोडी निराळी आहे. या चित्रपटांपाशी दया पुष्कळ आहे. पण ती सगळी शहाण्यांसाठी राखून ठेवलेली आहे. रुग्णाच्या वाट्यास थट्टा येते आणि त्याच्या उपचाराच्या वाट्यास बदनामी. यांपैकी दुसरी गोष्ट आम्हांस पहिलीहून अधिक घातक वाटते.

१९९३ सालचा ‘दामिनी’ घ्या. घरातील मोलकरणीवर झालेल्या अत्याचाराची साक्ष देण्यास उभ्या राहिलेल्या सुनेला वेडी ठरविण्याचा घाट घातला जातो आणि तिची रवानगी मनोरुग्णालयात होते. चित्रपटाचा हेतू चांगला आहे, त्यातील संताप खरा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या प्रसंगात अन्याय कोणता, तर शहाण्या बाईला वेड्या बायकांत ठेवले, एवढाच. त्या बायका तिथे आधीपासून होत्या, आणि ती सुटून गेल्यावरही राहणार होत्या. पडद्यावर त्यांचे काम नायिकेला भेदरविण्यापुरते. स्त्रीच्या न्यायासाठी तळमळणाऱ्या कथेला या इतर स्त्रिया दिसू नयेत, हे आश्चर्य नव्हे काय?

या साऱ्या पंथाचे आद्यपीठ अमेरिकेत आहे. केन केसी यांच्या १९६२ सालच्या कादंबरीवरून मिलॉश फोरमन यांनी १९७५ साली ‘वन फ्लू ओव्हर द ककूज् नेस्ट’ हा चित्रपट केला. त्याचा नायक मॅकमर्फी हाही वेडा नव्हे. तुरुंगातील कष्ट चुकविण्यासाठी तो इस्पितळात आलेला आहे. तथापि त्या चित्रपटाची गोष्ट वेगळी. तो ऑरेगॉन राज्यातील सेलम येथील खऱ्या मनोरुग्णालयात चित्रित झाला, तेथील प्रमुख डॉक्टरांनीच पडद्यावरील प्रमुख डॉक्टरांची भूमिका केली, आणि ज्या मेंदूच्या शस्त्रक्रियेने नायकाचा अंत होतो ती काही कवीची कल्पना नव्हती. ती शोधून काढल्याबद्दल पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, आणि अमेरिकेत ती हजारोंवर झाली होती. म्हणजे तो चित्रपट आपल्या समाजाच्या ताज्या पापाविषयी बोलत होता.

आपल्याकडील नकलाकारांनी त्यातले काय उचलले? शेवट! १९८६ साली मल्याळममध्ये ‘थालवट्टम’ आला आणि २००५ साली त्यावरून हिंदीत ‘क्यों की’. या दुसऱ्या चित्रपटात इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरला आपल्या मुलीचे एका रुग्णावर प्रेम जडलेले खपत नाही, म्हणून तो त्या रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवितो. मुलीचे लग्न मोडण्याचे उपाय आपल्या समाजास पुष्कळ ठाऊक आहेत. पण हा त्यांत नवाच म्हटला पाहिजे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमेझिन हे औषध मनोविकारांवर वापरले जाऊ लागले, आणि पुढील काही वर्षांत त्या शस्त्रक्रियेचा जवळजवळ अस्तच झाला. भारतात तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची संमती आणि संबंधित मंडळाची परवानगी या दोहोंवाचून ती करता येत नाही. गेलेल्या काळातील परकी भीती आणून ती आजच्या आपल्या इस्पितळाच्या दाराला टांगायची, हा उद्योग कोणत्या कलादृष्टीचा?

आता विजेच्या झटक्यांकडे वळू. लोकभाषेत ज्याला ‘शॉक’ म्हणतात तो उपचार सेर्लेट्टी आणि बिनी या दोघा इटालियन वैद्यांनी १९३८ साली रोममध्ये प्रथम केला. तेव्हा भूल नव्हती. आचके इतक्या जोराचे येत की कधी कधी हाडे मोडत. पुढे भूल आणि स्नायू सैल करणारे औषध देऊन तो करण्याची रीत पडली. रुग्ण झोपतो, मेंदूत मिनिटभर टिकणारा झटका निर्माण होतो, शरीर फारसे हलतही नाही, आणि थोड्या वेळाने तो जागा होतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे सहा ते बारा वेळा करावे लागते. त्या दिवसांतील काही आठवणी पुसल्या जातात, आणि काहींच्या बाबतीत त्या परत येत नाहीत. हे लपविण्यात अर्थ नाही. आपल्याकडे बिनभुलीचा शॉक फार काळ चालू राहिला, ही लाजिरवाणी गोष्टही सांगितलीच पाहिजे. २०१७ च्या कायद्याने त्याला बंदी केली. पण पडद्यावर आजही काय दिसते? जाग्या, किंचाळणाऱ्या माणसाला चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेले असते, कोणी खलपुरुष कळ ओढतो, आणि ठिणग्या उडतात. जो उपचार जीव वाचविण्यासाठी आहे तो तिथे शिक्षा म्हणून दिला जातो.

याचा परिणाम काय होतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगी, वय बावीस, पदवीच्या परीक्षेनंतर हळूहळू बोलेनाशी झाली. पुढे ती एका जागी तासन् तास बसून राही. हात उचलून धरला तर तो तसाच राही. घास तोंडात घातला तर गिळीत नसे. आरंभीचे तीन आठवडे अंगाऱ्यात गेले. नंतर डॉक्टरांनी औषधे आणि इंजेक्शने देऊन पाहिली, आणि गुण येत नाही असे दिसताच विजेचे उपचार सुचविले. घरात एकच कल्लोळ झाला. मुलीचे मामा चांगले शिकलेले, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले गृहस्थ, ते बहिणीला म्हणाले, “ताई, पोरीचा दगड करून घ्यायचा आहे का तुला? सिनेमात पाहिले नाहीस?” त्यांनी हे शास्त्र कोठे वाचले होते, असे आम्ही विचारले नाही. विचारण्याची गरज नव्हती. सात आठवडे त्या मुलीला नळीने अन्न द्यावे लागले. पाठीला जखमा झाल्या. शेवटी आईने भावाला न विचारता कागदावर सही केली. चौथ्या वेळेनंतर मुलीने चहा मागितला.

त्या सात आठवड्यांचा हिशेब आम्ही कोणाकडे मागावा? मामांकडे? त्यांनी तर प्रेमापोटीच अडविले होते.

भीती ही एक बाजू झाली. दुसरी बाजू खोट्या आशेची, आणि तीही काही कमी नाही. असित सेन यांनी १९५९ साली बंगालीत ‘दीप ज्वेले जाय’ केला आणि सुमारे दहा वर्षांनी तोच हिंदीत ‘खामोशी’ या नावाने पुन्हा केला. त्यात डॉक्टर परिचारिकेला आज्ञा करतो की, रुग्णावर प्रेम असल्याचा अभिनय कर, म्हणजे तो बरा होईल. तो बरा होतोही. मोडते ती परिचारिका. अभिनयाच्या दृष्टीने सुचित्रा सेन आणि वहिदा रहमान या दोघींचेही काम आम्ही विसरू शकत नाही, आणि परिचारिकेवर होणारा अन्याय दिग्दर्शकाने ओळखला आहे, हेही खरे. पण तो उपचार उपचारच नव्हे, ही शंका चित्रपटास एकदाही शिवत नाही. प्रेमाने वेड बरे होते, या समजुतीपायी आपल्याकडे किती मुला-मुलींची लग्ने ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून लावली गेली, आणि किती दोन-दोन जन्मांची माती झाली, हे मध्यमवर्गीय वाचकांस आम्ही सांगावयास नको. प्रत्येकाच्या नात्यात एक तरी उदाहरण निघेल.

‘तेरे नाम’ची गोष्ट तर आम्हांस अक्षम्य वाटते. १९९९ च्या तमिळ ‘सेतु’वरून २००३ साली हा चित्रपट निघाला. डोक्याला मार बसून भान गेलेल्या नायकाला घरचे लोक एका आश्रमात नेऊन ठेवतात. तेथे साखळदंड आहेत, आणि तेथेच त्याला शुद्ध येते. मधल्या काळात, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या अशाच एका खासगी आश्रयस्थानास पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. अठ्ठावीस जण मेले. साऱ्या देशाने ती बातमी वाचली होती. दोनच वर्षांनी तीच साखळी शोकान्त प्रेमाचा अलंकार होऊन पडद्यावर आली, आणि नायकाची केशरचना तेवढी गावोगावच्या तरुणांनी उचलली.

यावर ठरलेले उत्तर असे की, चित्रपट ही करमणूक आहे, तिथे वैद्यक शिकावयास कोणी जात नाही. हे उत्तर देणारे स्वतःच त्यावर विश्वास ठेवीत नाहीत. गणितज्ञ जॉन नॅश यांच्या जीवनावर २००१ साली ‘अ ब्युटिफुल माइंड’ निघाला. नॅश यांनी १९७० नंतर औषधे घेतली नव्हती. परंतु चित्रपटात त्यांच्या तोंडी आपण नवी औषधे घेत असल्याचे वाक्य घातले गेले, कारण सत्य दाखविले तर ते पाहून रुग्ण गोळ्या सोडतील, अशी कर्त्यांना काळजी वाटली. जीवनचरित्रात असत्य घालावे की नाही, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. पडद्यावरचे एक वाक्य घरातल्या गोळीपर्यंत पोहोचते, हे त्या धंद्यातील लोकांस पक्के ठाऊक आहे, एवढेच यावरून दिसते.

इस्पितळांची तरफदारी करण्याची आम्हांस हौस नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९९ साली देशातील मनोरुग्णालयांविषयी जो अहवाल दिला, त्यात कोठड्या, अपुरी शौचालये, माणसांची टंचाई यांचे वर्णन आहे. ते वाचून कोणाही सुज्ञाची मान खाली जाईल. पण त्या क्रौर्याला खलनायकाचा चेहरा नाही, म्हणून ते चित्रपटाच्या कामाचे नाही. त्याहूनही अडचणीचे असे एक क्रौर्य आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील सरकारी मनोरुग्णालयांची नावे आपण थट्टेत उच्चारतो; पण बऱ्या झालेल्या माणसाला न्यावयास घरचे कोणी येत नाही, हा प्रश्न देशभरातील अशा इस्पितळांपुढे इतका मोठा झाला की, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयास त्यात लक्ष घालावे लागले. अशा लोकांना भिकाऱ्यांच्या वा वृद्धांच्या आश्रमांत हलविण्याची रीत थांबवा, असे २०१९ साली त्या न्यायालयाने महाराष्ट्र सरकारास बजावले. येथे खलपुरुष कोण? आपणच, नेटके कपडे घालून तिकीट काढून बसलेले. दुष्ट डॉक्टरचे चित्र आपल्याला इतके रुचते याचे कारण आमच्या मते हेच आहे. दोष त्याच्या माथी गेला की आपण मोकळे.

असे चित्रपट करताच येत नाहीत असे मात्र नव्हे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा ‘देवराई’ मराठीतच आहे. त्यातील शेष हा छिन्नमनस्कतेने, म्हणजे स्किझोफ्रेनियाने, पछाडलेला आहे. तो विदूषक नाही, खुनी नाही, आणि प्रेमिकही नाही. कोकणातल्या देवराईचा ध्यास घेतलेला एक बुद्धिमान, त्रासदायक, घाबरलेला माणूस आहे. त्याला शहरात आपल्या घरी आणणाऱ्या बहिणीची ओढाताण, तिच्या संसाराला जाणारे तडे, तिचा राग आणि त्या रागाची तिला वाटणारी लाज, हे सारे तिथे आहे. शेवटी शेष पूर्ण बरा होत नाही, सावरतो. काही ठिकाणी चित्रपट शिकवू पाहतो, आणि तेवढ्यापुरता तो फिका पडतो, असे आमचे मत आहे. पण रोज रात्री घ्यावयाची गोळी आणि ती देताना होणारी कटकट यांतही नाट्य असते, हे त्याने दाखवून दिले. ठिणग्यांची गरज पडली नाही.

वर सांगितलेली मुलगी आता बरी आहे. गोळ्या चालू आहेत. मधून मधून आईशी भांडते, आणि एका लहानशा छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करते. गेल्या दिवाळीत तिचा थोरला भाऊ तिला एका चित्रपटास घेऊन गेला. त्यात तोच प्रसंग आला: गजांचे दार, पातेलेवाला, हशा, आणि मग पट्ट्यांनी बांधलेली किंचाळणारी नायिका. भाऊ उठण्याच्या विचारात होता. ती मात्र पडद्याकडे नीट पाहत होती. मग वाकून तिने त्याला विचारले, “दादा, हिला भूल का नाही दिली?” मागच्या रांगेतून कोणीतरी त्यांना गप्प बसावयास सांगितले.