ग्रहांचे भूशास्त्र आणि आपली मुले

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, आणि तेव्हापासून वसतिगृहांतील मुलांचा प्रश्न बदलला. पूर्वी ती ‘अंतराळवीर कसे व्हायचे?’ असे विचारीत. आता अकरावी-बारावीची मुले विचारतात, ‘चंद्रावरची माती तपासणारी माणसे काय शिकलेली असतात?’ हा प्रश्न अधिक शहाणा आहे. त्या माणसांत पुष्कळ जण भूशास्त्राचे पदवीधर असतात. खडकांवरून पृथ्वीचा इतिहास वाचण्याची जी विद्या, तीच चंद्राला, मंगळाला लावली की तिला ग्रहांचे भूशास्त्र म्हणतात.

इंग्लंड-अमेरिकेतील काही विद्यापीठे या विषयाच्या नावाने थेट पदवी देतात. आपल्याकडील होतकरू मुलांचे डोळे त्या नावाकडे लागतात, आणि येथेच माझा मतभेद आहे. पहिली पदवी साध्या भूशास्त्राचीच घ्यावी, आपल्याच राज्यात घ्यावी, आणि ग्रहांकडे त्यानंतर वळावे, असे मी आग्रहाने सांगतो.

याचे पहिले कारण विद्येचे आहे. मंगळावरील जेझेरो विवरात २०२१ साली ‘पर्सिव्हरन्स’ उतरले, कारण तेथे नदीने गाळ आणून टाकल्याच्या खुणा छायाचित्रांत दिसल्या होत्या. त्या कोणाला दिसल्या? ज्यांनी पृथ्वीवरचा नदीचा गाळ पायाखाली तुडवला होता त्यांना. चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी इस्रोने कृत्रिम चांद्रमाती तयार केली, ती तामिळनाडूतील सित्तमपुंडी येथील अ‍ॅनॉर्थोसाइट खडक दळून. पुढे ‘प्रज्ञान’ बग्गीने (हा शब्द आपल्याला परका नाही) चंद्रावर मोजमाप केले, तेव्हा तेथील मातीची घडणही त्याच जातीच्या खडकाशी जुळणारी निघाली. सित्तमपुंडीचा दगड ज्याला ओळखता येत नाही, त्याला चंद्राचा कसा ओळखता येणार?

या बाबतीत महाराष्ट्रातील मुलांचे भाग्य मोठे आहे. आपण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसावर राहतो. चंद्रावर जे काळे डाग दिसतात, तेही थिजलेल्या लाव्ह्याचे, बसाल्टचे आहेत. आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला तर अशनीच्या आघाताने याच बसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले आहे. बसाल्टमधील इतके चांगले टिकलेले आघातविवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, म्हणून जगभरचे अभ्यासक तेथे येतात. ते ज्वालामुखीचे मुख असावे असा समज दीर्घकाळ होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, धक्क्याने काच बनलेल्या खनिजांच्या पुराव्यावरून, तो मोडून काढला. त्याचे वय मात्र वादाचे राहिले. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार! हा वाद ज्याला समजून घेता आला, त्याची निम्मी पदवी झाली असे मी मानतो. ऐकीव गोष्ट पुराव्याशिवाय स्वीकारू नये, ही शिकवण आपल्या मुलांना वेगळी सांगावी लागत नाही. येथे ती हातात दगड घेऊन पाळायची असते, एवढेच.

दुसरे कारण पोटाचे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ग्रहविज्ञानातील जागा थोड्या. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, इस्रोची काही केंद्रे, मोजकी विद्यापीठे. शिवाय तेथे पोहोचायला पीएच.डी. लागते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचले आहे, ते घर तिशीपर्यंत वाट पाहू शकत नाही. भूशास्त्रात एम.एस्सी. केलेल्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठीची केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देता येते. भूजल, खाणी, धरणे, बोगदे ही क्षेत्रेही मोकळी असतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहे. म्हणजे परदेशाचे दार पदवीनंतर उघडते. त्याआधीच कर्ज काढून ते ठोठावू नये.

एवढे सगळे मी एकदा एका माजी विद्यार्थिनीच्या आईला समजावून सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “सर, बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासूबाईंनी दुष्काळी कामावर खडी फोडली. दगडातून सुटावं म्हणून पोरीला वसतिगृहात ठेवलं. आता शिकून पुन्हा दगडच?”

मला उत्तर सुचले नाही. आजही पूर्ण सुचले आहे असे नाही. अजिंठ्याची लेणी याच काळ्या पाषाणात कोरलेली आहेत, आणि ती कोरणाऱ्यांना कोणत्या थराला छिन्नी लागते, कोठे भेग जाते हे ठाऊक असल्याशिवाय ते विहार उभे राहिले नसते, असे मी बोललो खरा. पण सासूबाईंच्या हातांच्या घट्ट्यांपुढे ते वाक्य मलाच हलके वाटले. दगड तोच, पण त्याच्याशी असलेले नाते मजुरीचे नसून अभ्यासाचे असेल, हे त्या माउलीला शब्दांनी पटणारे नव्हते. मुलीने भूशास्त्राला प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी तिने आईला सूक्ष्मदर्शकाखाली बसाल्टचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप दाखवला. त्या काळ्या दगडातले रंग पाहून बाई बराच वेळ डोळा काढीनात, असे मुलीने मला सांगितले.

पालकांना दोन सूचना. अकरावीत जीवशास्त्र घेतले म्हणून गणित सोडू देऊ नका. पुढे ते फार नडते. आणि भूशास्त्र म्हणजे भूगोल नव्हे, हे प्रवेश-अर्ज भरताना लक्षात ठेवा. ही चूक दरवर्षी होते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढच्या हिवाळ्यात विज्ञान शाखेच्या मुलांची सहल लोणारला न्यावी आणि तिचा खर्च आपण उचलावा. प्रत्येकाच्या हाती दहापट मोठे दाखवणारे एक भिंग द्यावे. हातोडी मात्र नेऊ नये; ते स्थळ संरक्षित आहे, तेथला दगड तेथेच राहिला पाहिजे.