राजीनाम्याचे मोल

पक्ष सोडणाऱ्या प्रतिनिधीने आपली जागाही सोडावी काय, हा संसदीय लोकशाहीतील जुना वाद आहे. न्यूझीलंडमधील माओरी मतदारसंघांच्या पोटनिवडणुकांनी त्याचे जे उत्तर दिले, ते आम्हांस मननीय वाटते.

१८६७ च्या कायद्याने माओरींना संसदेत चार स्वतंत्र जागा मिळाल्या. २००२ मध्ये त्या सात झाल्या. इतक्या थोड्या जागांतूनच ज्या समाजाचा स्वतंत्र आवाज उमटावयाचा, त्याच्या प्रतिनिधीने पक्ष बदलणे ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही.

मातिऊ राता यांनी हे ओळखले होते. वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन करणारा १९७५ चा कायदा त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळातला. पुढे त्यांनी मजूर पक्ष सोडला आणि १९८० मध्ये राजीनामा देऊन उत्तर माओरी मतदारसंघात पुन्हा कौल मागितला. मतदारांनी मजूर पक्षाच्याच उमेदवारास निवडले. २००४ मध्ये तारियाना तुरिया यांचा प्रसंग निराळा होता. किनारा व समुद्रतळ यांवरील माओरींचा परंपरागत हक्क न्यायालयात तपासता येईल, असा निर्णय २००३ मध्ये झाला होता. तो निष्फळ करणारे विधेयक स्वपक्षाच्याच सरकारने आणताच त्यांनी पक्ष व जागा यांचा त्याग केला. पोटनिवडणुकीत त्यांना नव्वद टक्क्यांहून अधिक मते पडली.

प्रमुख पक्षांनी उमेदवारच उभे केले नव्हते, तेव्हा हा विजय कसला, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु २००५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नव्या माओरी पक्षाने सातांपैकी चार जागा जिंकून त्यास उत्तर दिले, आणि तो वादग्रस्त कायदा २०११ मध्ये रद्द झाला.

त्याच वर्षी होने हारावीरा यांनी माओरी पक्ष सोडून पोटनिवडणूक ओढवून घेतली, तेव्हा सार्वत्रिक निवडणूक अवघ्या पाच महिन्यांवर आली होती. हा खर्च व्यर्थ नव्हे काय? आमच्या मते नव्हे. मतदारांस न विचारता त्यांचे मत दुसऱ्या पक्षाच्या पदरात टाकण्याची किंमत पोटनिवडणुकीच्या खर्चाहून फार मोठी असते.

हारावीरा जिंकले, तुरिया जिंकल्या, राता हरले. तरीही आमच्या दृष्टीने या तिघांत सर्वांत मोठी साक्ष राता यांच्या पराभवाची आहे. विजयाची खात्री असता राजीनामा देणे सोपे असते. पराभवाचा धोका पत्करून तो देणे, हाच मतदारांवरील विश्वासाचा खरा पुरावा होय.