रात्रपाळीला कोण आहे?

पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गर्भवतीच्या नातेवाइकांकडे दहा लाखांची अनामत मागितली गेली, पुढे त्या मातेचा मृत्यू झाला आणि मग साऱ्या यंत्रणेला अचानक नियमावली आठवली. चौकशी समित्या बसल्या. पुणे महापालिकेने खासगी रुग्णालयांना नोटिसा धाडल्या. तातडीच्या रुग्णाकडे आधी पैसे मागू नका, असे बजावले. रुग्णालयाच्या प्रमुखांनी पत्रकार परिषदेत अनामतीचा खुलासा करताना राहू-केतूचेही नाव घेतले, त्यामुळे ग्रहांची चौकशी तेवढी राहिली. पण ज्या नियमाची एवढी आठवण झाली, तो काही नवा नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021च्या जानेवारीत दुरुस्ती झाली, तेव्हापासून तो कागदावर आहे. दरपत्रक दर्शनी भागात लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, तक्रारीसाठी टोल फ्री क्रमांक द्या, बिलाच्या वादापायी मृतदेह अडवू नका, हे सगळे त्यातच आहे. चार वर्षे ते कोणी वाचले नव्हते.

महापालिकेच्या नोटिसा महापालिकेच्या हद्दीत संपतात. चाकण ओलांडून पुणे-नाशिक रस्त्याने वर या. मंचर, नारायणगाव, आळेफाटा इथे मेडिकल, पॅथॉलॉजी आणि 'मल्टिस्पेशालिटी'च्या पाट्यांची रांग लागते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा आजार प्रामुख्याने या पाट्यांखाली बरा होतो किंवा होत नाही. महामार्गावरचे अपघात, सर्पदंश, बिबट्याचे हल्ले, अडलेली बाळंतपणे, सगळे इथेच येते. आहुपे, तळेघर, इंगळूनकडून घाट उतरून आलेल्या आदिवासी बाईला इथल्या दवाखान्याने दार लावले तर पुढचे दार थेट पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाचे किंवा पुण्यातल्या ससूनचे. दीनानाथ प्रकरणात मुंबईहून फोन गेले म्हणतात, तरी उपयोग झाला नाही. आहुप्याच्या बाईसाठी फोन कोण करणार?

आमचा प्रश्न मात्र अनामतीपुरता नाही. आम्ही विचारतो ते एवढेच : रात्री दोन वाजता या दवाखान्यांत कोण असते?

तालुक्यातल्या कोणत्याही माणसाला विचारा, त्याने रुग्णाच्या उशाशी बसून हे पाहिलेले असते. डॉक्टर वरच्या मजल्यावर किंवा घरी. खाली 'आरएमओ', म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, म्हणून बीएचएमएस किंवा बीएएमएस झालेला तरुण, तोही असला तर. वॉर्डात पांढरा कोट घातलेली विशीतली मुलगी. तिला सगळे सिस्टर म्हणतात. तिने नर्सिंगचा कोर्स केलेला असतोच असे नाही. दवाखान्यात राहून इंजेक्शन द्यायला, सलाइन लावायला ती शिकलेली असते. सलाइन संपत आल्याचे नातेवाइकालाच आधी दिसते आणि तोच तिला उठवायला जातो. तिच्या मेहनतीबद्दल आमची तक्रार नाही. बारा-बारा तास उभी राहणारी ही मुलगी व्यवस्थेची पहिली बळी आहे. पण रक्तदाब कोसळत असताना काय करायचे, हे तिला कोणी शिकवले? कायद्याला पात्र, नोंदणीकृत परिचारिका हवी आहे, खाटांच्या प्रमाणात आणि प्रत्येक पाळीला. फाइलमध्ये ती असतेही. वॉर्डात किती ठिकाणी असते, हे कोणी जाऊन पाहिले आहे?

पाहायचे कोणी, याचे उत्तर कायद्यात आहे. ग्रामीण भागात हे काम जिल्हा शल्यचिकित्सकाचे. हा अधिकारी बसतो पुण्यात, औंधच्या जिल्हा रुग्णालयात. ते रुग्णालय त्यानेच चालवायचे, तालुक्यातालुक्यांतली ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये सांभाळायची, अपंगत्वाचे दाखले द्यायचे आणि उरलेल्या वेळात एवढ्या मोठ्या जिल्ह्यातले खासगी दवाखाने तपासायचे. नोंदणी तीन वर्षांची, मुदत मार्चअखेर संपते. म्हणजे तपासणीचा हंगामही ठरलेला. हंगाम ठरलेला असला की तयारीही ठरलेली. पाहुणे येणार म्हणून घर सारवून ठेवावे, तसा त्या दिवशी दवाखाना लखलखतो. प्रमाणपत्रे भिंतीवर चढतात आणि पात्र परिचारिकाही हजर असते. भरदुपारी, आधी कळवून केलेल्या तपासणीला रात्री दोनची अवस्था कशी दिसणार?

तपासणी कागदावरच राहते तेव्हा काय होते, हे म्हैसाळने दाखवले आहे. मिरज तालुक्यातल्या या गावात एक होमिओपॅथ बेकायदा गर्भपात करत होता. त्याच्याविरुद्ध आधी तक्रार झाली होती, चौकशीही झाली होती. तरी दवाखाना चालू राहिला. एका महिलेचा जीव गेल्यावर, मार्च 2017मध्ये, ओढ्याकाठी 19 भ्रूण उकरून काढले गेले आणि मग राज्यभर तपासणी मोहीम निघाली. जानेवारी 2021मध्ये भंडाऱ्याच्या सरकारी रुग्णालयात आगीत 10 अर्भके दगावली, तेव्हा फायर ऑडिटचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, पुन्हा आदेश. नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात 11 रुग्ण होरपळून गेले, आणखी आदेश. आपल्याकडे मोहिमा मृत्यूनंतर निघतात आणि बातमी विरली की परत जातात.

सरकारला खासगी दवाखान्यांना जाब विचारताना थोडा संकोच वाटत असावा, आणि त्याला कारण आहे. डिसेंबर 2024मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालाने राज्याच्या आरोग्यसेवेत परिचारिकांची सुमारे एकतृतीयांश पदे रिकामी असल्याचे सांगितले. ज्याच्या स्वतःच्या वॉर्डात सिस्टर नाही, तो दुसऱ्याच्या वॉर्डात कोणत्या तोंडाने मोजणी करणार? दवाखान्यांना किमान दर्जा लावणारा केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा 2010चा. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आम्ही आमचा करू म्हणाले. मसुदे झाले, कायदा झाला नाही. आंबेगावने 1990पासून एकच आमदार निवडून दिला. विधानसभेचे अध्यक्षपद, गृहखाते असे सगळे या तालुक्याच्या वाट्याला आले. परिचारिकांच्या रात्रपाळीवर मात्र या तालुक्यातून सभागृहात आवाज उठल्याचे आम्हाला आठवत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना सांभाळणारी 'केअर सेंटर' तर या दवाखान्यांपेक्षाही मोकाट आहेत. मुले पुण्या-मुंबईत, आईवडील गावी, त्यामुळे त्यांची गरज वाढत जाणार. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या कायद्यात जिल्ह्याला किमान एका वृद्धाश्रमाची गोष्ट आहे, पण सरकारवर सक्ती नाही. अशा केंद्रांना किमान दर्जा लावणारे दुरुस्ती विधेयक 2019मध्ये लोकसभेत आले आणि सभागृहाच्या मुदतीबरोबर बुडाले.

डॉक्टर मंडळी म्हणतील, पात्र परिचारिका खेड्यात येत नाहीत, आल्या तर परवडत नाहीत, नियम कडक केले तर छोटे दवाखाने बंद पडतील आणि कॉर्पोरेटवाले येतील. यात तथ्य आहे. पण परवडत नसेल तर खाटा कमी करा, पाटीवरचे 'मल्टिस्पेशालिटी' पुसा. नारायणगावातच डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या हजारो रुग्णांवर उपचार केले, तेही तालुक्यातल्या गावी राहून. खेड्यात जमत नाही, ही सबब म्हणूनच आम्हाला मान्य नाही.

जिल्हा शल्यचिकित्सकांनी पहिले काम एवढे करावे. जुन्नर आणि आंबेगावातल्या प्रत्येक नोंदणीकृत दवाखान्याची यादी प्रसिद्ध करावी : खाटा किती, पात्र परिचारिका किती, नोंदणीची मुदत कधीपर्यंत, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला. यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. तपासणी न कळवता, रात्री करावी आणि तिचा अहवाल दवाखान्याच्या दारावर चिकटवावा. यासाठी नवा कायदा, नवी समिती लागत नाही. लागते ती एक गाडी आणि रात्री औंधहून मंचरला निघणारा एक अधिकारी.