पडद्यावरचे आपले घर

घरातली सारी माणसे एकत्र बसून टीव्ही पाहत असली, म्हणजे ती एकच गोष्ट पाहत आहेत असे समजू नये. कुणी शेंगा सोलत असते, कुणी पडद्यावरच्या सुनेच्या साडीची किंमत करीत असते, आणि पहाटे पाचला अंथरुणातून उठणाऱ्या नायिकेच्या गळ्यात चारपदरी हार कसा, हा विनोद तर रोजचाच. मग एखाद्या भागात असे काही वाक्य येते, की खोलीतली कुजबुज एकाएकी थांबते. कुणी एक जण 'पाणी आणते' म्हणून उठते. त्या वेळी कोण उठले हे ज्याच्या ध्यानात राहील, त्याला त्या घराची निम्मी हकीकत कळली म्हणून खुशाल समजावे.

हे आजचे नाही. 1984 साली 'हम लोग' सुरू झाली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत आणि देशभरातून पत्रांचे ढीग येत. त्यातला बसेसर राम हा दारुडा बाप. आता आमचा वर्धा जिल्हा म्हणजे गांधीजींची कर्मभूमी. 1970 च्या दशकापासून इथे दारूबंदी, ती आजतागायत आहे. कागदोपत्री पाहता बसेसर राम कोण, हे आम्हांला समजावून सांगायला हवे होते. तशी गरज कुणाला पडली नाही. तो झोकांड्या खात घरात शिरला की पाहणाऱ्यांतल्या काही बायका पदराशी चाळा करू लागत. बाप आज कसा आला आहे हे त्याच्या चपलांच्या आवाजावरून ओळखणारी मुले काही पडद्यावरच नव्हती.

नाटकाचा पडदा तीन तासांनी पडतो आणि माणूस टांग्यात, नाही तर रिक्षात बसून घरी येतो. मालिका मुळी घरातच येते, आठवड्यातून सहा-सहा दिवस येते, आणि वर्षानुवर्षे येत राहते. अशा बाईला पाहुणी कोण म्हणेल? ती शेजारीणच होते. आणि ही शेजारीण कुठूनही आली तरी चालते. 2019 च्या डिसेंबरात सुरू झालेली 'आई कुठे काय करते!' ही मुळात 'श्रीमयी' या बंगाली मालिकेवरून घेतलेली. त्याच कथेची हिंदीत 'अनुपमा' झाली. कोलकात्याचे स्वयंपाकघर रामनगरातल्या ओट्याला एक सूतभरही कमी-जास्त न होता बसले. बायकोला गृहीत धरण्याच्या बाबतीत आपल्या देशात राष्ट्रीय एकात्मता केव्हाच साधली आहे!

पण आम्हा विदर्भातल्या लोकांच्या वर्मी लागली ती 'माझ्या नवऱ्याची बायको'. 2016 च्या ऑगस्टमध्ये ती सुरू झाली. नायिका राधिका नागपूरची, संसार मुंबईत. नवऱ्याला तिच्या बोलण्याची, राहणीची लाज वाटते आणि त्याचे मन दुसरीकडे गुंतते. अनिता दाते या नाशिकच्या, तेव्हा त्यांच्या नागपुरी बोलीत आमच्याकडच्या मंडळींनी चुका काढल्या नसत्या तरच नवल. तरी ते 'करून राहिली', 'जाऊन राहिली' कानावर पडले, की वाटे, आपलेच कुणी बोलते आहे. आणि लगेच पुढच्या वाक्याला कुणी तरी त्या बोलण्याला हसे.

आमच्या शेजारच्या वहिनी त्या दिवसांत रोज रात्री आठाला आमच्याकडे येत. त्यांचे यजमान नोकरीनिमित्त पुण्याला. आधी महिन्याने येत, मग दिवाळीला, मग तेही नाही. कारण साऱ्या आळीला ठाऊक होते. तोंडाने कुणी उच्चारीत नव्हते. एकदा पडद्यावर नवरा राधिकेला चारचौघांत टाकून बोलला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे तर हे हळू आवाजात म्हणत." एवढेच. चार वर्षांत आपल्या संसाराबद्दल त्या आमच्यापाशी बोललेले हे पहिले वाक्य. राधिका मध्ये नसती, तर तेही त्यांना बोलता आले नसते असे मला वाटते.

त्यांना तो त्रास सोसवणार नाही, त्या यायच्या थांबतील, असा आमचा अंदाज होता. दुःखाचे सगळे भाग त्यांनी पाहिले. थांबल्या त्या पुढे, राधिकेचा मसाल्याचा धंदा भरभराटीला येऊन तीनशे कोटींची भाषा सुरू झाली तेव्हा. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, "आता पाहून काय करू काकू? हिचं तर निपटलं." लेखकाने नायिकेला सुखी केले आणि आमच्या वहिनींना पुन्हा एकटे टाकले!

तीनशे कोटींची वाट नसलेली घरेही आमच्याकडे पुष्कळ आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरून 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. या घरांवर रोजची मालिका निघालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. नाटक मात्र झाले: 'तेरवं'. मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसाला आमच्याकडे हा शब्द आहे. लेखन श्याम पेठकरांचे, दिग्दर्शन हरीश इथापे यांचे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी त्यात स्वतः काम करतात. त्यांतल्याच वैशाली येडे यांच्या हस्ते 2019 च्या जानेवारीत यवतमाळच्या 92 व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले.

इथे 'अगदी खऱ्यासारखे' म्हणण्याची सोयच नाही. आपण वाहवा कशाची करायची, अभिनयाची की आठवणीची? टाळी वाजवायला उचललेला हात जरा वेळ तसाच राहावा, असे हे काम.

वहिनींना मी या नाटकाविषयी सांगितले. पीठ चाळता चाळता त्यांनी ऐकून घेतले. नाटकात काय होते, शेवट काय, यातले काहीच विचारले नाही. चाळणी खाली ठेवून म्हणाल्या, "आणि प्रयोग संपल्यावर इतक्या रात्री त्या बाया आपापल्या गावाला कशानं जातात वो काकू?"