पडद्यावरचा मृत्यू आणि कनिष्ठाचा शब्द

डॉक्टरांच्या हातून रुग्ण दगावणे ही कथावस्तू नवी नव्हे. परंतु ज्या शल्यविशारदाचे अवघे आयुष्य मेंदूवरील शस्त्रक्रियांत गेले, तोच डोक्याच्या दुखापतीने मरावा, आणि तेही कोणी त्याच्या डोक्याचा साधा सीटी स्कॅन न काढल्यामुळे, हा योगायोग प्रेक्षकांच्या गळी उतरवणे सोपे नाही. ‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’ या अमेरिकन मालिकेने २३ एप्रिल २०१५ रोजी तसा प्रयत्न केला. त्या दिवसापासून हा घास अनेकांच्या घशात अडकून राहिला आहे.

एबीसी वाहिनीवर २७ मार्च २००५ रोजी सुरू झालेली ही मालिका सिअ‍ॅटल शहरातील एका काल्पनिक रुग्णालयात घडते. नाव हेन्री ग्रे याच्या १८५८ सालच्या सुप्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथावरून श्लेषाने घेतलेले; नायिका मेरेडिथ हिचे आडनावही ग्रे. ‘ईआर’ या गाजलेल्या मालिकेच्या ३३१ भागांचा विक्रम तिने २०१९ मध्ये मोडला, आणि २०२२ च्या मे महिन्यात चारशेवा भाग पूर्ण केला. इतका दीर्घ काळ चाललेल्या मालिकेतील पात्रे प्रेक्षकांच्या नात्यागोत्यातली होऊन बसतात. स्टार वर्ल्ड वाहिनीमुळे भारतातील इंग्रजी जाणणाऱ्या घरांतही तिचा एक निष्ठावंत वर्ग तयार झाला होता. मेरेडिथचा पती डेरेक शेफर्ड हा त्या वर्गाचा विशेष लाडका. त्यामुळे अकराव्या पर्वातील एकविसाव्या भागात जे घडले, ते पुष्कळ घरांत एखाद्या आप्ताच्या अपमृत्यूसारखे सोसले गेले.

घडले ते असे. विमानतळाकडे निघालेल्या डेरेकच्या डोळ्यांदेखत दोन मोटारींची टक्कर होते. तो गाडी थांबवतो, एकटाच जखमींना बाहेर काढतो, हाताशी असेल त्या साहित्याने त्यांचे प्राण वाचवतो आणि मदत आल्यावर पुढच्या वाटेला लागतो. क्षणभरात रस्त्यात आडव्या थांबलेल्या त्याच्या गाडीवर ट्रक आदळतो. त्याला नेले जाते ते डिलार्ड नावाच्या छोट्या रुग्णालयात. अपघातातील गंभीर जखमी हाताळण्याची तेथील डॉक्टरांना सवय नाही. पेनी ब्लेक ही तरुण शिकाऊ डॉक्टर डोक्याचा स्कॅन काढण्याचा आग्रह धरते. तिचा वरिष्ठ कॅस्टेलो पोटाकडे बोट दाखवून तिला गप्प करतो आणि रुग्ण थेट शस्त्रक्रियागृहात जातो. मेंदूवर दाब वाढल्याचे ध्यानात येते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. मेंदूचे विशेषज्ञ येतात तेही फार उशिरा. बोलू न शकणारा डेरेक हे सारे ऐकत असतो आणि त्याचे मनोगत प्रेक्षकांना ऐकू येत राहते. यांना शिक्षण अपुरे मिळाले आहे आणि म्हणून आपण मरणार, हे निदान तो स्वतःच करतो.

हा भाग मालिकेच्या जन्मदात्या शोंडा राइम्स यांनी स्वतः लिहिला. नट पॅट्रिक डेम्प्सी यांच्या कराराचे वर्ष अजून शिल्लक होते. त्यामुळे प्रेक्षक बेसावध होते. डेरेक केवळ घर सोडून गेला असता तर त्याचे मेरेडिथवरील प्रेम खोटे ठरले असते, म्हणून मृत्यूखेरीज मार्ग नव्हता, असे समर्थन राइम्स यांनी पुढे जाहीरपणे केले. कथालेखिका म्हणून हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दहा वर्षे जपलेले दांपत्य एका भांडणात मोडण्यापेक्षा मृत्यूने विलग करणे अधिक सुसंस्कृत. प्रश्न मृत्यूचा नाहीच. तो घडवून आणण्यासाठी एका अख्ख्या रुग्णालयाला मठ्ठ ठरवावे लागले, हे खरे दुखणे आहे. नायक मरावा म्हणून भोवतालच्या सर्वांची बुद्धी एकाच रात्री गहाण पडली, अशी ही रचना आहे.

येथे कॅस्टेलोची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण टीकाकारांनी ती फारशी ऐकलेली दिसत नाही. अपघातग्रस्ताच्या तपासणीचा जगभर मान्य झालेला क्रम आहे: प्रथम श्वासमार्ग, नंतर श्वसन, नंतर रक्ताभिसरण, मग मेंदूची अवस्था आणि शेवटी कपडे दूर करून सर्वांगाची पाहणी. पोटात रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळत असेल, तर स्कॅनच्या खोलीत वेळ न दवडता पोट उघडणे हेच शास्त्र सांगते. तेव्हा पोटाला अग्रक्रम देणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु चौथी पायरीही त्याच क्रमात आहे. डोळ्यांच्या बाहुल्या पाहणे, शुद्धीचे मोजमाप करणे, ही कामे एका मिनिटात होतात. त्यांना यंत्र लागत नाही. शुद्धी मोजण्याची ग्लासगो येथील पद्धत १९७४ पासून वापरात आहे आणि सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला तो लंडनमध्ये १९७१ साली. डोक्याच्या दुखापतीची शंका एकदा बोलून दाखवली गेली की मेंदूच्या विशेषज्ञाला त्याच क्षणी बोलावणे, किंवा रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवण्याची तजवीज लावणे, हे पोटाच्या शस्त्रक्रियेच्या आड येत नव्हते. चूक क्रमाची नव्हती. शंका बोलून दाखवणाऱ्या मुलीचे तोंड बंद केले गेले, ती चूक होती.

डेरेकच्या या कथेला वास्तवात एक जुळे भावंड आहे. १७ फेब्रुवारी १९७६ रोजी जेम्स स्टायनर नावाचे अमेरिकन अस्थिशल्यविशारद स्वतःचे छोटे विमान चालवत पत्नी व चार मुलांसह कॅलिफोर्नियाहून नेब्रास्काला परतत होते. विमान नेब्रास्कातील शेतात कोसळले. पत्नी जागीच गेल्या. तीन मुले अत्यवस्थ होती. कडाक्याच्या थंडीत स्वतः जखमी असलेल्या स्टायनरांनी मुलांना सावरले, रस्त्यावर येऊन मोटार थांबवली आणि जवळचे छोटे रुग्णालय गाठले. त्याचे दार बंद होते. डॉक्टर आले तेव्हा अशा जखमींना कसे हाताळावे याचे शिक्षणच त्यांना मिळालेले नसल्याचे दिसले. रस्त्यावर आपण मर्यादित साधनांनी दिली ती शुश्रूषा जर रुग्णालयातील शुश्रूषेपेक्षा सरस असेल, तर व्यवस्थेतच दोष आहे आणि ती बदलली पाहिजे, असा निष्कर्ष स्टायनरांनी काढला.

महत्त्वाचे आहे ते यानंतरचे. स्टायनरांनी त्या गावाला नावे ठेवत आयुष्य काढले नाही. सहकाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी खेड्यातील डॉक्टरांसाठी अपघातोपचाराचा अभ्यासक्रम रचला. १९७८ मध्ये नेब्रास्कातच त्याचा पहिला वर्ग भरला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. ‘एटीएलएस’ या नावाने ओळखला जाणारा तो अभ्यासक्रम आज भारतासह साठहून अधिक देशांत शिकवला जातो. दहा लाखांहून अधिक डॉक्टर त्यातून बाहेर पडले आहेत. कॅस्टेलोने जो तपासणीक्रम अर्धाच पाळला, तो याच अभ्यासक्रमातला. म्हणजे ज्या प्रसंगाचे उत्तर वैद्यकशास्त्राने जवळपास चार दशकांपूर्वी शोधले होते, तोच प्रसंग मालिकेने २०१५ मध्ये पुन्हा रंगवला, आणि उत्तराचा मागमूसही ठेवला नाही. पुढच्याच भागाने कथा जवळजवळ वर्षभर पुढे ढकलली. मेरेडिथ घर सोडून जाते, तिला मुलगी होते, सणवार येतात-जातात. डिलार्डमध्ये त्या रात्रीचा जाब कोणी कोणाला विचारला, हे या दोन भागांत प्रेक्षकांच्या वाट्याला येत नाही.

आता त्या मुलीच्या शब्दाकडे वळले पाहिजे. वरिष्ठापुढे कनिष्ठाने बोलावे की नाही, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. उड्डाणाची घाई झालेल्या केएलएमच्या वैमानिकाला त्याच्या अभियंत्याने शेवटच्या क्षणी विचारले होते की, ते दुसरे विमान धावपट्टीवरून खरोखर हटले आहे का. ज्येष्ठ वैमानिकाने होकार भरला आणि अभियंता पुढे बोलला नाही. या व अशा अपघातांनंतर विमानवाहतुकीने एक धडा घेतला: कनिष्ठाला शंका बोलण्याचे शिक्षण द्यायचे आणि ज्येष्ठाला ती ऐकण्याचे. यातले दुसरे अधिक अवघड, असा विमानवाल्यांचा अनुभव आहे. आपल्याकडील घरांना आणि कार्यालयांनाही तो अगदीच परका वाटू नये.

रुग्णालयांत हा धडा उशिरा पोहोचला आणि तो पोहोचवणाऱ्यांत एक मराठी मुळाचा माणूस अग्रभागी होता. डॉ. अतुल गवांदे हे बोस्टनचे शल्यविशारद; त्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या खेड्यातून अमेरिकेत गेलेले. अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक पानी तपासयादी तयार केली. तिच्यात कलमे फक्त एकोणीस. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन वेळा सर्वांनी थांबायचे. त्यातील एक कलम वरवर अगदी बालिश वाटते: छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे. यामागचा विचार खोल आहे. ज्याने एकदा तोंड उघडले, तो संकटाच्या वेळी पुन्हा उघडण्याची शक्यता वाढते. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. निष्कर्ष जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या आठ शहरांत नवी दिल्ली होते आणि सिअ‍ॅटलही होते! ज्या शहराच्या नावावर ही मालिका एवढी वर्षे चालली, त्याच शहरातील ही हकीकत.

अर्थात कागदाने सारे साधते असेही नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने १०१ रुग्णालयांत हीच यादी लागू केली, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. खुणा केल्या गेल्या, पण सवयी तशाच राहिल्या, असा त्याचा एक अर्थ अनेकांनी लावला. ‘यादी आहे ना, मग झाले’ अशा वृत्तीपुढे कोणतीही यादी काय करणार? कॅस्टेलोच्या हातात असे पान असते तरी पेनीचे बोलणे त्याने ऐकले असतेच, याची शाश्वती कोण देईल?

हे सारे त्या भागात बीजरूपाने होते, म्हणूनच तो अधिक बोचतो. पेनी ब्लेक हे त्या पंचेचाळीस मिनिटांतील सर्वांत खरे पात्र. तिला दिसले ते बरोबर होते, तिने ते सांगितले, आणि रागावणी ऐकून ती मागे सरली. पतीचा निरोप घ्यायला आलेली मेरेडिथ तिला एकटीला गाठून जे बोलते, ते या भागातील उत्तम दृश्य. प्रत्येक डॉक्टरच्या आयुष्यात असा एक रुग्ण येतो की जो त्याला अधिक चांगला डॉक्टर बनवतो. तुझ्यासाठी तो माझा नवरा आहे, अशा आशयाचे ते बोलणे आहे. शोकात बुडालेल्या स्त्रीच्या तोंडी एवढा संयम क्वचितच लिहिला जातो. राइम्स यांची लेखणी काय करू शकते, हे येथे दिसते आणि बाकीचा भाग त्यांनी असा का लिहिला, हे कोडे आणखीच गडद होते.

बोस्टनमध्ये शंभर वर्षांपूर्वी अर्नेस्ट कॉडमन नावाचा एक शल्यविशारद होऊन गेला. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंद ठेवावी आणि फसलेल्या उपचाराचे कारण उघडपणे लिहावे, असा त्याचा हट्ट होता. त्यापायी त्याला प्रतिष्ठित रुग्णालयातील पद सोडावे लागले. आपल्या छोट्या रुग्णालयातील स्वतःच्या चुकांसह सारे निकाल त्याने छापून प्रसिद्ध केले. आज अमेरिकन रुग्णालयांत मृत्यूंची चर्चा करणाऱ्या ज्या नियमित बैठका होतात, त्यांच्या पूर्वसूरींत त्याचे नाव घेतले जाते. डेरेकसारख्या मृत्यूनंतर अशी बैठक भरते, वरिष्ठ आणि कनिष्ठ दोघांनाही उभे राहून सांगावे लागते की कोणत्या क्षणी काय पाहिले, काय बोलले, काय ऐकले. नाट्य शोधणाऱ्या लेखकाला याहून मोठा प्रवेश कोठे मिळणार? मालिकेला मात्र तो सुचला नाही.

बाराव्या पर्वात पेनी मेरेडिथच्या घरच्या जेवणाला अजाणता येऊन पोहोचते, पुढे त्याच रुग्णालयात शिकायला येते आणि मेरेडिथलाच तिला शिकवावे लागते. दोघींमधला ताण तेथे मन लावून लिहिलेला आहे. ज्या मुलीने स्कॅन मागितला होता, प्रायश्चित्त तिच्याच वाट्याला आले. स्कॅन नाकारणारा कॅस्टेलो त्या कथेत कोठेच नाही.